एएमएल आणि औषधांची जोडी: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगावात फिजिशियन आहे, रक्तविकारतज्ज्ञ नाही. एएमएल, म्हणजे अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया हा ब्लड कॅन्सर. त्याचं निदान आणि उपचारांची आखणी बहुतेक वेळा मुंबईत, नाशकात किंवा संभाजीनगरला होते. मग पेशंट जाडजूड फाइल घेऊन गावी येतो आणि दोन फेऱ्यांच्या मधले दिवस माझ्यासारख्यांच्या वाट्याला येतात. यावल, शिरपूर, साक्री, नवापूरकडून व्हॉट्सॲपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत. डोसचे आकडे समजून घेण्यापुरतेच वाचा. तुमच्या फाइलवर लिहिलेला डोस तोच खरा.

१. रिपोर्टवर ‘एएमएल’ लिहिलंय. आमच्या काकांनाही ब्लड कॅन्सर आहे, ते दहा वर्षं एका गोळीवर शेती करताहेत. मग आमच्याकडेच एवढी घाई का?

काकांना बहुधा सीएमएल असणार. तो मुरत मुरत वाढतो, आणि त्याच्यावरची इमॅटिनिब ही गोळी २००१ पासून आहे. नाव सारखं वाटलं तरी एएमएल वेगळा. यात हाडांतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत, कच्च्या पेशी भराभर उगवतात पण पक्व होत नाहीत. कपाशी कमरेएवढी वाढावी आणि एकही बोंड धरू नये, तसं. या कच्च्या पेशींना ब्लास्ट म्हणतात. मॅरोत त्या २० टक्क्यांवर गेल्या की साधारणपणे एएमएलचं निदान होतं. वाफा त्यांनीच भरून गेल्यावर लाल पेशी, प्लेटलेट्स आणि कामाच्या पांढऱ्या पेशींना जागा उरत नाही. म्हणून दम लागतो, हिरड्यांतून रक्त येतं, ताप हटत नाही. हे सगळं आठवड्यांत घडतं, म्हणून घाई.

२. ‘टार्गेटेड’ औषध म्हणजे किमो नाही ना?

किमो वेगाने वाढणाऱ्या सगळ्याच पेशींना झोडपते, त्यामुळे केस आणि तोंडाची आतली त्वचाही त्यात सापडते. टार्गेटेड औषध पेशीतल्या एका नेमक्या प्रथिनावर बसतं. व्हेनेटोक्लॅक्स बीसीएल-२ वर बसतं, गिल्टेरिटिनिब एफएलटी-३ वर, आयव्होसिडेनिब आयडीएच-१ वर. पण ‘टार्गेटेड’ म्हणजे सौम्य, असं धरून चालू नका. व्हेनेटोक्लॅक्सवर पांढऱ्या पेशी किमोइतक्याच तळाला जातात. आणि त्याच्या जोडीला दिलं जाणारं ॲझासायटिडीनचं इंजेक्शन मुळात किमोच्याच घरातलं, फक्त कमी डोसमध्ये वापरलेलं.

३. एक गोळी इतकी महाग, तर दोन-दोन औषधं कशाला? एकाने भागत नाही का?

कपाशीवर एकच औषध मारत राहिलं की अळी त्याला दाद देईनाशी होते, हे इकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथेही तोच न्याय आहे, फक्त तपशील बारीक.

प्रत्येक पेशीत बिघाड झाला की मरण्याची व्यवस्था असते. बीसीएल-२ हे प्रथिन ती व्यवस्था दाबून धरतं. व्हेनेटोक्लॅक्सने तो दाब निघतो आणि पेशी मरते. पण रोग उलटलेल्या पेशंटांना हे औषध एकटं देऊन पाहिलं तेव्हा साधारण पाचांतल्या एकालाच गुण आला. ब्लास्ट पेशी एमसीएल-१ नावाच्या दुसऱ्याच प्रथिनाचा टेकू घेऊन तगत होत्या. ॲझासायटिडीन हा दुसरा टेकू खिळखिळा करतं. एफएलटी-३ अडवणाऱ्या गोळ्याही एमसीएल-१ खाली आणतात. म्हणून जोडी.

२०२० साली ‘व्हायले-ए’ चाचणीचे निकाल आले. तीत वयामुळे किंवा इतर आजारांमुळे जोरकस किमो न झेपणारे ४३१ पेशंट होते. एकट्या ॲझासायटिडीनवर २८ टक्क्यांच्या आसपास लोकांचा रोग आटोक्यात आला, जोडीवर ६६ टक्क्यांचा. मधला जगण्याचा काळ ९.६ महिन्यांवरून १४.७ महिन्यांवर गेला. ‘मधला’ म्हणजे काय, ते शेवटच्या प्रश्नात सांगितलंय. ते वाचल्याशिवाय हा आकडा घरात कुणाला सांगू नका.

दुसरं कारण असं की एकाच माणसाच्या मॅरोत ब्लास्टची दोन-तीन कुळं असू शकतात. एका कुळात एफएलटी-३ चा दोष असतो, दुसऱ्यात नसतो. एकाच कुळाला मारलं की दुसऱ्याला रान मोकळं मिळतं.

४. आजोबा ७४ वर्षांचे आहेत. त्यांना व्हेनेटोक्लॅक्स आणि ॲझासायटिडीन सांगितलंय. हे देतात कसं?

२८ दिवसांची एक सायकल. पहिले ७ दिवस रोज ॲझासायटिडीन, कातडीखाली किंवा शिरेतून. सोबत व्हेनेटोक्लॅक्स रोज एकदा, जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत आणि रोज साधारण त्याच वेळी. डोस चढवत नेतात: पहिल्या दिवशी १०० मिलीग्रॅम, दुसऱ्या दिवशी २००, तिसऱ्यापासून ४००. बुरशीविरोधी औषध चालू असेल तर हा आकडा फार खाली येतो (प्रश्न १२).

गोळी एकदम पूर्ण डोसवर का देत नाहीत? ब्लास्ट एकाच वेळी फुटले की त्यांच्या पोटातलं पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक ॲसिड रक्तात उतरतं. मूत्रपिंड तुंबतं, हृदयाचा ठेका चुकतो. याला ट्यूमर लायसिस म्हणतात. म्हणून पांढऱ्या पेशी आधी २५ हजारांच्या खाली आणतात, ॲलोप्युरिनॉल आणि सलाइन चालू ठेवतात आणि चढत्या डोसच्या दिवसांत वारंवार रक्त तपासतात. पहिली सायकल गावी घ्यायचा हट्ट धरू नका. दुसरीपासून इंजेक्शनं जवळ घेता येतात का, हे मुंबईच्या डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. माझ्याकडे तसे पेशंट येतात.

५. वॉर्डात केळी बंद केली. आम्ही रावेरचे, घरची बाग आहे. केळ्यात असं काय वाईट?

वाईट काही नाही, त्यात पोटॅशियम आहे. ट्यूमर लायसिसच्या भीतीच्या त्या चार-सहा दिवसांत बाहेरून आणखी पोटॅशियम नको, एवढंच. नारळपाण्यालाही तेच लागू. ते दिवस सरले आणि रक्तातलं पोटॅशियम ठीक आलं की केळं हे अशा पेशंटसाठी उत्तम फळ आहे. जाड साल, आत हात न लागलेला गर. साल धुऊन, पुसून, पेशंटने स्वतः सोलून खावं. एका आजोबांनी मला नंतर घड आणून दिला आणि म्हणाले, “आता चालतं ना, मग तुम्हीच पहिलं खा.”

६. बाकी खाण्याचं काय? भरीत-भाकरी चालेल का?

गरम, नुकतं शिजलेलं, घरचं: सगळं चालेल. भरीत चालेल, वरची कच्ची कांद्याची पात आणि कोथिंबीर नको. कळण्याची भाकरी चालेल. ठेचा तोंड आलं नसेल तर जिभेपुरता, आणि तव्यावर परतलेला. शेवभाजी घरची असेल तर खा, ढाब्याची नको. उघड्यावरचा उसाचा रस आणि बर्फाचा गोळा मे महिन्यात कितीही खुणावला तरी नाही.

७. जनुकांच्या रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतील म्हणाले. तोवर औषधच सुरू करायचं नाही?

सगळा रिपोर्ट एकदम येत नाही. एफएलटी-३ ची साधी तपासणी काही दिवसांत मिळते, अनेक जनुकं एकत्र तपासणारा मोठा एनजीएस पॅनेल उशिरा. पेशंट स्थिर असेल, पांढऱ्या पेशी फार चढलेल्या नसतील, तर पहिल्या रिपोर्टसाठी आठवडाभर थांबणं चालतं. वयस्कर पेशंटांवरच्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात तेवढ्या थांबण्याने नुकसान दिसलं नाही. काउंट लाखाकडे निघाले असतील तर कुणी थांबत नाही, हायड्रॉक्सियुरियाने ते खाली ओढतात. या नियमाला एक मोठा अपवाद आहे, आणि तो जिवावरचा आहे: प्रश्न १०.

माझं एक म्हणणं. पैसे वाचवायला लोक हीच तपासणी गाळतात आणि गोळीला मात्र कर्ज काढतात. जोडी कोणाची लावायची हे ठरतं याच कागदावर. हा कागद नसेल तर महागातली गोळीही अंदाजपंचे.

८. रिपोर्टमध्ये एफएलटी-३ पॉझिटिव्ह आहे. याचा अर्थ काय? आणि बाकीची नावं?

एएमएलच्या सुमारे ३० टक्के पेशंटांत एफएलटी-३ चा दोष सापडतो. यातला ‘आयटीडी’ हा प्रकार जास्त त्रासाचा, रोग उलटवणारा. किमो झेपेल अशांना ७+३ (७ दिवस सायटाराबिन, ३ दिवस डॉनोरुबिसिन) आणि त्याच्या पाठोपाठ मिडोस्टॉरिनच्या गोळ्या देतात. या जोडीला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. ७१७ पेशंटांच्या चाचणीत चार वर्षांनी ५१ टक्के लोक हयात होते, नुसत्या किमोवर ४४ टक्के. क्विझार्टिनिब २०२३ चं, फक्त आयटीडीसाठी, आणि त्यावर असताना ईसीजी काढत राहावा लागतो. रोग उलटला तर गिल्टेरिटिनिब.

आयडीएच-१ असेल तर आयव्होसिडेनिब आणि ॲझासायटिडीन ही जोडी. १४६ पेशंटांच्या चाचणीत मधला काळ ७.९ महिन्यांवरून २४ महिन्यांवर गेला. छोटी चाचणी, पण फरक ठसठशीत. एनपीएम-१ असेल आणि सोबत आयटीडी नसेल तर व्हेनेटोक्लॅक्सची जोडी सहसा चांगली लागू पडते. केएमटी-२ए या जनुकाची मोडतोड असणाऱ्यांसाठी रेव्हुमेनिब नावाची गोळी अमेरिकेत २०२४ च्या नोव्हेंबरात मान्य झाली. टीपी-५३ हे नाव दिसलं तर डॉक्टरांशी निवांत बसून बोला. त्यात जोडीनेही सुरुवातीला गुण येतो, पण टिकत नाही. यातली प्रत्येक गोळी आपल्याकडच्या दुकानात हात घातला की मिळेल असं नाही. पर्याय काय, हे आधीच विचारून ठेवा.

९. दोनाने गुण येतो तर तीन एकत्र का देत नाहीत?

देऊन पाहताहेत. व्हेनेटोक्लॅक्स, ॲझासायटिडीन आणि गिल्टेरिटिनिब असं त्रिकूट निवडक केंद्रांत छोट्या गटांवर वापरलं गेलंय आणि रोग आटोक्यात येण्याचं प्रमाण फार चांगलं दिसलंय. अडचण अशी की काउंट आठवडेच्या आठवडे वर येत नाहीत. मग व्हेनेटोक्लॅक्सचे दिवस कापून ७ किंवा १४ करावे लागतात. गिल्टेरिटिनिब आणि व्हेनेटोक्लॅक्स ही जोडी उलटलेल्या एफएलटी-३ रोगात दिली तेव्हा चारांपैकी तिघांच्या मॅरोतून ब्लास्ट हटले, पण त्यातल्या अनेकांचे रक्ताचे काउंट पूर्ववत झाले नाहीत.

आणि प्रत्येक जोडी जमतेच असंही नाही. नव्याने निदान झालेल्या, किमो न झेपणाऱ्या एफएलटी-३ पेशंटांना गिल्टेरिटिनिब आणि ॲझासायटिडीन एकत्र दिलं तेव्हा जास्त लोकांचा रोग आटोक्यात आला, पण आयुष्य नुसत्या ॲझासायटिडीनपेक्षा म्हणण्यासारखं वाढलं नाही. कागदावर छत्तीस गुण जुळणारं स्थळही संसारात टिकेलच याची हमी नसते. नातेवाईक गुगलवरून चौथं नाव घेऊन येतात तेव्हा मी हीच चाचणी सांगतो.

१०. शेजारच्या मुलीला एएमएल म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी म्हणे सोमल दिला! ही अघोरी विद्या आहे का?

ही एएमएलमधली सर्वांत यशस्वी जोडी आहे. तिला झालाय तो एपीएल, एएमएलचाच एक पोटप्रकार. पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक खोटं प्रथिन बनतं आणि ते पेशींना कच्चंच ठेवतं. ‘एट्रा’ ही अ जीवनसत्त्वाच्या घरातली गोळी आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे शुद्ध, मोजून शिरेतून दिलेला सोमल, ही दोन्ही मिळून तेच प्रथिन मोडतात. पेशी पिकतात आणि आपल्या मरणाने मरतात. एट्राचा वापर शांघायच्या डॉक्टरांनी पुढे आणला, आर्सेनिकचा हार्बिनच्या. आपल्याकडे वेल्लोरच्या सीएमसीने एकट्या आर्सेनिकवर केलेलं काम २००६ मध्ये प्रसिद्ध झालं आणि जगाने त्याची दखल घेतली. पांढऱ्या पेशी १० हजारांपर्यंत असलेल्या पेशंटांवरच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एट्रा आणि आर्सेनिकवर दोन वर्षांनी ९७ टक्के लोक रोग न उलटता ठीक होते.

मग जिवावरचं काय? एपीएलमध्ये पहिल्याच दिवसांत मेंदूत किंवा फुप्फुसात रक्तस्राव होऊन माणूस जातो. म्हणून नुसता संशय आला तरी जनुकांच्या रिपोर्टची वाट न पाहता एट्रा सुरू करतात. अंगावर निळे डाग, नाकातून न थांबणारं रक्त, प्लेटलेट्स १५-२० हजार, आणि स्लाइड पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टने एपीएलची शंका काढली, तर रात्रीची गाडी पकडा, सकाळची नको.

वैद्याच्या पुडीतल्या सोमलाशी याचा संबंध नाही. इथे डोस वजनावर, ईसीजी आणि पोटॅशियम-मॅग्नेशियम पाहत पाहत दिला जातो.

११. ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबायचं का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

१००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली असण्याची शक्यता, म्हणजे तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. व्हायले-ए मध्ये जोडी घेणाऱ्या ४२ टक्के पेशंटांना असा ताप आला होता, म्हणजे ही क्वचितची गोष्ट नव्हे. चोपड्याहून जळगावला रात्री यायला तास-सव्वातास जातो, धडगावहून नंदुरबारला त्याहून जास्त. म्हणून ताप येण्याआधीच तीन कामं करून ठेवा: जवळचं कोणतं हॉस्पिटल रात्री दाखल करून घेईल ते ठरवा, मुंबईच्या डॉक्टरांकडून ‘ताप आल्यास काय सुरू करावे’ अशी चिठ्ठी घ्या, आणि तिचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. निघताना हॉस्पिटलला फोन करा.

पॅरासिटामॉलने पारा उतरतो, जंतू तिथेच राहतात. कंबरेत इंजेक्शन घेऊ नका. प्लेटलेट्स कमी असताना तिथे रक्ताची गाठ होते. डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन अजिबात नको. कधी कधी ताप नसतोच, नुसती हुडहुडी भरते आणि पेशंट गळून जातो. तेही तापच समजा.

१२. खोकल्यासाठी गावातल्या डॉक्टरांनी साधं अँटिबायोटिक दिलं. चालेल ना?

नाव कळवल्याशिवाय एकही गोळी नको. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी व्हेनेटोक्लॅक्सवरच्या एका मावशींना खोकल्यासाठी मी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं. फाइल समोर होती, पण मी वरचं पान पाहिलं, औषधांचं पान उलटलं नाही. क्लॅरिथ्रोमायसिन यकृतातलं सीवायपी-३ए हे विकर अडवतं, आणि व्हेनेटोक्लॅक्सचा निचरा त्याच वाटेने होतो. निचरा थांबला, रक्तातलं औषध वाढत गेलं, काउंट तळाला जाऊन तिथेच बसले. मुंबईहून फोन आला तेव्हा पलीकडची डॉक्टर मुलगी नम्रपणे म्हणाली, “सर, याच्यासोबत तेवढं नका देऊ.” मावशी तीन आठवडे वॉर्डात राहून घरी गेल्या. तेव्हापासून मी औषधांचं पान आधी उलटतो.

बुरशीची औषधंही याच वाटेवर बसतात. पोसाकोनॅझोल चालू असेल तर व्हेनेटोक्लॅक्स ४०० वरून ७० मिलीग्रॅमवर आणायला सांगतात. आपल्याकडची अनेक केंद्रं सोयीसाठी १०० देतात, कारण तेवढ्याची गोळीच मिळते. व्होरिकोनॅझोलसोबत १००, फ्लुकोनॅझोलसोबत निम्मा डोस. डोस कमी दिसला म्हणून ‘डॉक्टर विसरले’ असं समजून चार गोळ्या घेणारेही मी पाहिलेत. उलट बाजूने, पोसाकोनॅझोल थांबलं की डोस पुन्हा वाढवायचा असतो. ते आठवणीने विचारा. फिटच्या फेनिटोइनने किंवा टीबीच्या रिफाम्पिसिनने औषधाचा निचरा इतका वाढतो की गोळी घेऊनही न घेतल्यासारखी होते.

फळांत ग्रेपफ्रूट आणि कमरख बंद. पपनस ग्रेपफ्रूटच्या जवळचं, तेही टाळा. गुळवेलीचा काढाही नको. गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत.

१३. गोळी घ्यायची राहिली, किंवा घेतल्यावर उलटी झाली तर?

व्हेनेटोक्लॅक्स राहून गेली आणि ८ तासांच्या आत आठवलं तर लगेच घ्या. त्याहून उशीर झाला तर ती सोडा, उद्याची उद्या. उलटी झाली तरी त्या दिवशी दुसरी गोळी नाही. बाकीच्या गोळ्यांचे नियम थोडे वेगळे आहेत, ते फाइलवर लिहून घ्या.

१४. औषध सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि काउंट आधीपेक्षा खाली! म्हणजे लागू पडलं नाही?

काउंटवरून ते कळत नाही. शेत नांगरल्यावर काही दिवस काहीच हिरवं दिसत नसतं. पहिल्या सायकलच्या शेवटी, २१ ते २८ व्या दिवसादरम्यान मॅरो तपासतात. ब्लास्ट ५ टक्क्यांच्या खाली आले असतील आणि काउंट मागे रेंगाळत असतील तर औषध काही दिवस थांबवून त्यांना वर येऊ देतात. पुढच्या सायकलींत व्हेनेटोक्लॅक्स २८ ऐवजी २१ किंवा १४ दिवस देणं नेहमीचं आहे. ‘डोस कमी केला म्हणजे आशा सोडली’ असं नसतं.

या दिवसांत रक्त आणि प्लेटलेट्स लागतात. पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विचार असेल तर सख्ख्या नातेवाइकांचं रक्त देऊ नका. भाऊ पुढे येतो, त्याला वाईट वाटतं, पण त्याला दुसऱ्या पेशंटसाठी द्यायला सांगा.

१५. भाऊ ३४ वर्षांचा आहे. त्याचंही गोळ्यांवर भागेल का?

तरुण, धडधाकट माणसाला आजही सहसा ७+३ सारखी जोरकस किमो, जनुकाप्रमाणे जोडीची गोळी (प्रश्न ८), आणि धोका जास्त असेल तर बोन मॅरो ट्रान्सप्लांट हाच मार्ग सांगतात, कारण ध्येय रोग कायमचा घालवण्याचं असतं. तरुणांनाही व्हेनेटोक्लॅक्सच्या जोडीने सुरुवात करावी का, यावर चाचण्या चालू आहेत. आणि हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो: लग्न व्हायचं असेल, मुलं हवी असतील, तर किमोआधी वीर्य साठवून ठेवण्याबद्दल विचारा. एका दिवसाचं काम आहे.

१६. गोळी सुरू केल्यावर दम लागतोय, वजन वाढलं, पाय सुजले. न्यूमोनिया म्हणून उपचार चालू आहेत. बरोबर आहे का?

असेलही. पण गोळी आयव्होसिडेनिब, एनासिडेनिब, गिल्टेरिटिनिब, रेव्हुमेनिब किंवा एपीएलची एट्रा-आर्सेनिक असेल तर ‘डिफरन्शिएशन सिंड्रोम’ हे दोन शब्द इथल्या डॉक्टरांपुढे उच्चारा. कच्च्या पेशी एकदम पिकू लागल्या की फुप्फुसात आणि अंगात पाणी साठतं. दिसायला अगदी न्यूमोनियासारखं. यात डेक्सामेथासोन लगेच सुरू करावं लागतं, आणि मुंबईला फोन त्याच वेळी. काही गोळ्यांत हे दोन-तीन महिन्यांनीही उद्भवतं.

१७. ‘फिलाडेल्फिया पॉझिटिव्ह’ ल्युकेमिया हाच का?

तो एएलएल, म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, वेगळं कूळ. पण त्यातही जोडीचा मार्ग निघालाय. इटलीतल्या ६३ पेशंटांच्या अभ्यासात (२०२०) डॅसॅटिनिबच्या गोळ्या आणि ब्लिनाट्युमोमॅब एवढ्यावर, नेहमीची किमो न देता, ९८ टक्क्यांचा रोग आटोक्यात आला होता.

१८. खर्चाचं काय? योजनेत बसतं का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रति कुटुंब वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण पैसा पॅकेजप्रमाणे मिळतो. तुमची नेमकी गोळी कोणत्या पॅकेजात बसते ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज वेगळा, समाजसेवा विभागाकडून. ॲझासायटिडीन जेनेरिक मिळतं. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. हॉस्पिटलचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत राहायला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे. नंदुरबार-नवापूरकडच्यांना सुरत जवळ पडतं, पण महाराष्ट्राची योजना तिथल्या हॉस्पिटलात चालेल का, हे निघण्याआधी फोनवर विचारा.

व्हॉट्सॲपवर ‘बाहेरच्या देशातली स्वस्त गोळी, पार्सलने’ असे निरोप फिरतात. बिल नाही, बॅच नंबर नाही, अशी गोळी पोटात घालू नका.

१९. मे महिन्यात घरात ४५ अंश असतं. गोळ्या खराब होतील का?

व्हेनेटोक्लॅक्स ३० अंशांच्या खाली ठेवायची असते. मोटारसायकलच्या डिकीत, एसटीच्या खिडकीशी, पत्र्याच्या खोलीतल्या फळीवर नको. प्रवासात बर्फाला थेट न टेकवता थंड पिशवीत. घरात सर्वांत गार खोलीत, जमिनीलगतच्या कपाटात, मूळ पाकिटातच. कूलरच्या ओल्या झोतासमोर नको.

२०. हे फवारणीमुळे झालं का? आणि आता शेतात जाऊ का?

बेन्झिनमुळे एएमएल होतो हे सिद्ध आहे. आधी दुसऱ्या कॅन्सरसाठी घेतलेल्या किमोमुळेही होतो. फवारणीच्या औषधांबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, आणि एका माणसाला कशाने झालं हे मागे जाऊन ठरवता येत नाही. बायकोने नवऱ्याला, नवऱ्याने मुलाला दोष देणं तेवढं थांबवा.

शेताच्या बांधावर बसायला जा. काउंट कमी असताना मळणी, गोठा, ओला कडबा, शेणखत यांपासून लांब. तिथल्या बुरशीचे कण फुप्फुसात रुजतात.

२१. मॅरो ‘क्लीन’ आली. आता गोळ्या बंद ना?

ॲझासायटिडीन-व्हेनेटोक्लॅक्सची जोडी सहसा गुण टिकतो आणि झेपते तोवर चालू ठेवतात. सूक्ष्मदर्शकाखाली ‘क्लीन’ असूनही हजारांत एखादी पेशी उरलेली असू शकते; ती शोधायला एमआरडी तपासणी असते. एपीएलमध्ये मात्र ठरावीक महिन्यांनी औषधं खरोखर बंद होतात.

२२. मनी माय बरी व्हई ना?

हा प्रश्न लेखी येत नाही. दाराशी, पेशंट पुढे निघून गेल्यावर, अहिराणीतच येतो.

१४.७ महिने हा मधला आकडा आहे. निम्म्या लोकांना त्याहून कमी काळ मिळाला, निम्म्यांना जास्त, आणि त्या जास्तवाल्यांत काही जण वर्षानुवर्षं चालले. तुमची माय कोणत्या निम्म्यात, हे ठरवायला तीन गोष्टी लागतात: जनुकांचा कागद, तिची एकूण तब्येत आणि पहिल्या सायकलनंतरची मॅरो. पहिल्या दोन आल्या असतील तरी तिसरीशिवाय मी बोलत नाही. एपीएल असेल तर पहिला महिना पार पडल्यावर ‘व्हई’ असं छातीठोक सांगतो. टीपी-५३ असेल तर मुलाला बाजूला बसवतो, चहा मागवतो आणि घाई करत नाही.

आईला सांगायचं का, हेही तेव्हाच विचारतात. पारोळ्याकडच्या एका आजींपासून घरच्यांनी दोन महिने सगळं लपवलं. नवव्या सायकलला त्या माझ्यापुढे खुर्चीत बसल्या, पदराच्या गाठीतून थर्मामीटर काढला आणि म्हणाल्या, “याले सेल टाकी दे, डॉक्टर. पोरे घाबरतस, मी नही.”